कचरागाडीवरची घोषणा आणि मधुवंतीचा ताप

प्रति,
मा. विशेष मोहीम अधिकारी,
गुप्तरोग प्रतिबंध मोहीम कक्ष, नागपूर.

अर्जदार : कौशल्या गुरू, तृतीयपंथीयांचा डेरा, जरीपटक्यामागील वस्ती.

विषय : कचरागाडीवरील घोषणा बंद करणे व आजारी मधुवंतीला घरी डॉक्टर आणि औषध मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, जे आपल्या कार्यालयात सापडत नाहीत असे कळते.

महोदय,

१. सविनय सादर की, अर्जदार या डेऱ्याची गुरू असून मधुवंती तिची चेला, म्हणजे डेऱ्याच्या रीतीने पोटची लेकच आहे. मधुवंतीच्या जांघेत गाठ आली. जुनी माणसे हिला बद म्हणत. अर्जदाराने उभ्या जन्मात हा आजार क्वचितच पाहिला होता. आता तो कामठीच्या डेऱ्यातही आहे आणि बुटीबोरीच्या कामगारांच्या खोल्यांतही. तो शरीरसंबंधातून पसरतो व वेळेत गोळ्या घेतल्या तर बरा होतो, असे आपल्याच डॉक्टरांनी सांगितले. म्हणजे माहितीची टंचाई नाही.

२. टंचाई गोळ्यांची आहे. आपल्या कक्षात विचारले असता, या आजाराच्या रुग्णांची नोंद नाही म्हणून गोळ्या मागवल्या नाहीत, असे उत्तर मिळाले. मग मधुवंतीची नोंद घ्या म्हटले, तर खिडकीवरचे साहेब म्हणाले, "औषधच नाही, तर नोंद कायची घेऊ गा?" दवाखान्यात मधुवंतीला पुरुषांच्या रांगेतून बायकांच्या रांगेत व तिथून परत पुरुषांच्या रांगेत पाठवण्यात आले. हसण्यात मात्र कोणत्याच रांगेने कुचराई केली नाही.

३. यानंतर आपल्या कक्षाने जनजागृती हाती घेतली. तेव्हापासून रोज सकाळी कचरागाडी भोंग्यावरून सांगते : "तृतीयपंथी, देहविक्रय करणाऱ्या महिला व त्यांच्या संपर्कातील पुरुषांनी गुप्तरोगाची त्वरित तपासणी करावी. ओला कचरा व सुका कचरा वेगळा ठेवावा." डेऱ्यासमोर गाडी जरा जास्तच रेंगाळते. सणासुदीला ताट पाठवणाऱ्या समोरच्या यमुताई आता आम्हाला पाहून दार लावून घेतात. बारशांची बोलावणी बंद झाली. घोषणेत ज्या पुरुषांचा उल्लेख आहे, ते हल्ली कचरा टाकायला आपापल्या बायकांना पाठवतात.

४. त्या लाजेने मधुवंतीने दवाखान्याचे नावच टाकले. अर्जदाराच्या नकळत तिने एका भोंदू डॉक्टरकडून गाठ चिरून घेतली. आता जखम वाहते आहे आणि ताप उतरत नाही. न्यायला गेले की म्हणते, "गुरू, मले त्या कचरागाडीत टाकून द्या, पन तिथं नेऊ नोका." अर्जदाराचा जीव तिळतिळ तुटतो आहे. हे सरकारी भाषेत कसे लिहितात ते ठाऊक नसल्याने आहे तसे लिहिले आहे.

५. तपासणीसाठी डॉक्टर घरी पाठवावेत, ही विनंती यापूर्वीही केली होती. "पत्ता अपूर्ण, गल्ली सापडत नाही," असा शेरा मारून ती निकाली काढण्यात आली. याबाबत नम्रपणे स्मरण करून देण्यात येते की, आपल्या नातवाच्या बारशाचे बोलावणे घेऊन आपला ड्रायव्हर सुशील याच गल्लीत, याच दारी आला होता. लेकीला इतक्या वर्षांनी मूल झाले, आशीर्वादाला आलेच पाहिजे, असा आपला निरोप होता. त्या दिवशी बाळाला मांडीवर घेऊन नाचली ती मधुवंतीच. तिने दाताखाली धरून बरकतीचा आशीर्वाद म्हणून परत दिलेला रुपया आपल्या बाईसाहेबांनी डोक्याला लावून कपाटात ठेवला. तेव्हा तिचा स्पर्श कोणाला बाधला नाही.

तो रुपया अर्जदार परत मागत नाही. मधुवंतीने तो मनापासून दिला होता, बाळाला लाभो. फक्त डॉक्टरांना सुशीलच्या गाडीत बसवून द्यावे. त्याला पत्ता विचारावा लागणार नाही.

सोबत : डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळ्यांची चिठ्ठी, जुन्या अर्जांच्या प्रती, पुन्हा एकदा.

दार उघडे ठेवून बसलेली,
कौशल्या गुरू

दिनांक : आजचा. उद्याचा चालणार नाही.