लॉर्ना आणि न दिसणारी कंपनं

१० जून १९९१, सोमवार. टुसॉन
काजळी केली. ग्रॅफाइटच्या दोन कांड्या, मधे ठिणगी, भोवती हेलियम. कॉलेज सुटल्यापासून प्रोफेसर हॅलिडेंच्या लॅबमधे हेच काम. (कॉलेज मी सोडलं. स्टूल भिरकावलं तो विषय वेगळा.) या काजळीतून साठ कार्बन अणूंचा पोकळ चेंडू निघतो. लॉर्ना त्याची कंपनं मोजते, तिची पीएच.डी. त्यावरच आहे. ऑगस्टअखेर ती इलिनॉयला जाणार. त्याआधी तिला मनातलं सांगायचं. निश्चय पक्का.

१३ जून, गुरुवार
सांगितलं नाही. तीच बोलत होती. म्हणाली, या चेंडूला थरथरायच्या एकशे चौऱ्याहत्तर तऱ्हा आहेत. पण तो सगळीकडून इतका सारखा, की इन्फ्रारेड प्रकाशाच्या तक्त्यावर रेघा उमटतात चारच. या बाजूची ओढ त्या बाजूला फिटते, बाहेर शून्य. मी विचारलं, म्हणजे आत असतं, फक्त दिसत नाही? म्हणाली, अगदी बरोबर.
हे ती माझ्याकडे बघून म्हणाली.

१७ जून, सोमवार
लॉर्नाने गुड मॉर्निंगला उत्तर दिलं नाही. न दिसणारं कंपन. दुपारी लॅबमधल्या गसबरोबर जेवायला गेली. तेही तसंच, जरा जोराचं.

२५ जून, मंगळवार
गस म्हणाला, बाबा रे, तिच्या मनात तसलं काही नाही, उगाच जिवाला लावून घेऊ नकोस. मी व्हॅक्यूम पंपाला लाथ घातली. अंगठा सुजला. गस म्हणाला, आता बूट घालून प्रेम कर. त्याच्याकडे डिग्री आहे, सममिती कळत नाही.

८ जुलै, सोमवार
१०६ डिग्री फॅरनहाइट. बर्फ संपला. लॉर्ना म्हणाली, चेंडू थोडा चेपला किंवा एक अणू बदलला, की सममिती मोडते आणि गप्प बसलेली कंपनं बोलायला लागतात.
म्हणजे कुणीतरी सुरुवात करायला हवी. मी करीन.

११ जुलै, गुरुवार
लॉर्ना दंतवैद्याकडे. तिचा नमुना मी तयार केला, तिने सांगितलं नव्हतं तरी. चेंडूंची पूड मिठात मिसळून चकती दाबायची. हातमोजे काढून टाकले. तिच्यासाठीचं काम रबरातून कसं करणार? तक्त्यावर चार रेघा आल्या आणि डावीकडे लांब एक जाडसर पाचवी.
सममिती मोडली. माझ्या हातून.
कुणाला बोललो नाही. पुढच्या गुरुवारच्या बैठकीत सर्वांसमोर सांगणार. मग कसलं इलिनॉय.

१८ जुलै, गुरुवार
बैठक. तक्ता पडद्यावर लावला, पाचव्या रेघेवर बोट ठेवलं. प्रोफेसर हॅलिडे चष्मा पुसत बसले. लॉर्नाने विचारलं, मोजे होते का हातात? मी म्हटलं, नव्हते. ती म्हणाली, ही बोटांची चरबी आहे. गसने विचारलं, काय खाल्लं होतंस? तळलेलं चिकन. गस म्हणाला, मग रेघेला कोंबडीचं नाव देऊ. सगळे हसले. लॉर्ना हसली नाही. तो तिच्या शुद्ध नमुन्याचा शेवटचा अंश होता, पुन्हा गाळायला महिना लागेल म्हणाली.
ती हसली नाही, हे मी लक्षात घेतलं. शिवाय महिना वाढला. एका अर्थी जमलंच.

२६ जुलै, शुक्रवार
महिना वाढला नाही. राहिलेलं काम इलिनॉयला करणार, तिथे काजळी बरी मिळते म्हणे. सोमवारीच निघते आहे. पार्किंगमधे गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. म्हणाली, वेंडेल, हे मला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे. हॅलिडे सरांच्या बायकोलासुद्धा. मी म्हटलं, आणि तुझ्या बाजूचं, जे दिसत नाही ते?
तिने गाडीचं दार उघडलं. आवाज चढवला नाही. म्हणाली, न दिसणारं कंपन असायलाही प्रकाशाच्या वाटेत आधी रेणू असावा लागतो रे. इथे वाटच रिकामी आहे.
मी बरं म्हटलं. तिच्या मागच्या सीटवर खोकी नीट बसत नव्हती. ती बसवून दिली.

२९ जुलै, सोमवार
काजळी केली.