शब्बीरभाईंची माफी

गुरुवार, संध्याकाळ. जुफैर.

जेवण गेलं नाही. शब्बीरभाईंचं ते "माफ करा हां, ताई" कानातून जातच नाही.

सलमाबादच्या गोदामासाठी सकाळी टेम्प्लेटवरून, म्हणजे तयार मूळ प्रतीवरून, नवा सर्व्हर क्लोन करून दिला. थोड्याच वेळात गोदाम सांभाळणाऱ्या शब्बीरभाईंचा फोन, "स्क्रीनवर ॲक्टिव्हेट करा असं येतंय, ताई. हात लावू की नको?" घाबरून त्यांनी माल भरणंच थांबवलेलं. कॉलवर साहेबही होते. एरवी आम्ही दोघं मराठीतच बोलतो. पण मी साहेबांना कळावं म्हणून मुद्दाम हिंदीत म्हणाले, "आपने ही कुछ दबाया होगा."

ते काय दाबणार? मागच्या आठवड्यात अपडेटसाठी टेम्प्लेट मीच चालू केलं होतं. बंद करण्याआधी सिसप्रेप नावाचं टूल चालवून त्याची ओळख पुसायची असते. नाहीतर प्रत्येक क्लोन तीच ओळख घेऊन उठतो आणि ॲक्टिव्हेशनला अडतो. नव्या लोकांना हे शिकवते कोण? मीच! आणि वीकेंडच्या घाईत तसंच बंद केलं.

शब्बीरभाई रत्नागिरीहून इथे आखातात आलेले, वयाने माझ्या बाबांएवढे. साहेबांना म्हणाले, "मेरी ही गलती होगी, साब." मग हळूच मला मराठीत, "माफ करा हां, ताई." तेव्हा तरी तोंड उघडायचं ना?

दुपारी टेम्प्लेट नीट करून दुसरा क्लोन दिला, माल निघाला. आत्ता त्यांचा मेसेज आलाय, "खलास, झालं काम, सगळं चालू झालं. परत माझ्याकडून असं होणार नाही."

आणि मी काय उत्तर पाठवलं? "असू दे."