टोपी गेलबार्टला, शेवटचे रीळ लिओनाला

मी, वेंडेल स्ट्राउब, वय सत्तेचाळीस, धंदा चित्रपट दिग्दर्शन, राहणार बरबँक, कॅलिफोर्निया, हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून लिहीत आहे. सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही; दबावाखाली मी फक्त सिनेमे केले.

घर व बँकेतील शिल्लक माझी पूर्वपत्नी व्हर्ना हिला द्यावी. त्या घरात मी पाहुण्यासारखा राहिलो, हे तिचे म्हणणे खरे. ती मला कंजूषही म्हणे. ते मात्र खरे नव्हते.

माझी तपकिरी टोपी निर्माते मॉर्ट गेलबार्ट यांना द्यावी. आमच्याकडे दिग्दर्शकाने चित्रण करायचे आणि निर्मात्याने हवे तसे कापायचे, अशी रीत. म्हणून हवे तेवढे टिपून झाले की मी ही टोपी कॅमेऱ्याच्या भिंगासमोर धरत असे. पुढे नुसता काळोख. गेलबार्टना जोडायला दुसरे काही मिळतच नसे.

विधवेच्या सिनेमात मात्र टोपी डोक्यावरच राहिली. तो एकच सिनेमा मला मनापासून करायचा होता. विधवा एकटी गाव सोडून जाते, हा शेवट. मी भान हरपून बघत राहिलो, कॅमेरा चालूच राहिला आणि नटीने वळून हसत विचारले, "झालं ना रे?" गेलबार्टनी तिचा आवाज काढून टाकला, हसू ठेवले आणि समोर गावचा शेरीफ उभा केला. मग चर्चमध्ये लग्नाची घंटा.

मी जाब विचारला. ते म्हणाले, "अरे बाबा, तुझा सिनेमा मोठ्या सिनेमाच्या आधी लागतो. लोक खुर्च्या शोधत असतात. शेवट कोण बघतंय?"

"मग बदललात कशाला?"

"कोणी बघितलाच तर!"

खरा शेवट असलेले रीळ संकलक लिओना क्वियाटेक हिने कचऱ्यातून उचलून मला आणून दिले. ते तिलाच द्यावे. मी ते पुन्हा पाहिलेले नाही. कापला गेला म्हणूनच तो शेवट मला थोर वाटतो की काय, ही शंका मला सोडत नाही.

लिओना, आधी एकटीने बघ. माझा शेवट चांगला असेल तर सिनेमाला जोड आणि माझ्या अंत्यविधीनंतर गेलबार्टना पहिल्या रांगेत बसवून दाखव. त्यांचाच बरा असेल, तर रीळ जाळून टाक आणि त्यांना सांग, वेंडेलने ते सोबत नेले.

सही: वेंडेल स्ट्राउब
आमच्यासमक्ष सही केली: हार्लन प्रुइट, छायाचित्रकार, ओपल डनिंग, शेजारीण
बरबँक, ९ मार्च १९५६