सायकल न पाठवण्याची कारणे

आदिलाबाद, रविवार दुपार

तीर्थरूप वच्छलाताई,

तुमचा हेरंब सायकल न्यायला गाडी घेऊन आला आहे आणि सायकलीशिवाय परत येणार आहे, म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं. फोन केला असता. पण फोनवर तुम्ही मला दुसरं वाक्य पुरं करू देत नाही, आणि या प्रकरणाला बरीच वाक्यं लागतात. असो. पद्मिनीचा नमस्कार घ्यावा. गुडघा कसा आहे? तेल लावता, की बाटली उशाशी ठेवून तिच्याकडे नुसतं बघता, ते खरं कळवावं. इकडे सगळं ठीक, तुमच्या बंधूंचं कोपर सोडून. त्याचा खुलासा पुढे येईल. (हेरंब आत पुन्हा भाकरी मागतो आहे. त्याची काळजी नको.)

तुमच्या नातीने, चैत्रालीने, नागपुरात कॉफीचं दुकान काढलं आणि भिंतीवर टांगायला जुनी सायकल मागितली, इथून सगळं सुरू झालं. मामंजींनी तुमच्यासाठी हैदराबादहून आणलेली ती बुटक्या चाकांची, पुढे टोपली असलेली सायकल. मी सून म्हणून आले तेव्हा तुम्ही तिच्यावरून शाळेत शिकवायला जायच्या आणि येताना टोपलीतून मेथी आणायच्या. तुम्ही यवतमाळला गेलात, सायकल माळ्यावर गेली. आता म्हणे त्या टोपलीत वेल लावायचा. (भिंतीवर टांगलेल्या सायकलीला पाणी कोण घालणार, असं मी विचारलं.) तुमचे बंधू तहसील कचेरीतून वजिफ्यावर आल्यापासून (पेन्शनीला आम्ही अजून वजिफाच म्हणतो) घरात कशाचा तरी पंचनामा करायला आसुसलेले होतेच. सायकल खाली उतरताच त्यांनी तिचा खरोखर पंचनामा केला. शेजारच्या सोजरबाईंना पंच म्हणून उभं केलं. चेन गंजलेली, घंटी मुकी, सीटवर उंदरांचा बेकायदा कब्जा, असं सगळं खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. ज्या माणसाने जन्मात स्वतःच्या चष्म्याचा स्क्रू पिळला नाही, त्याने त्याच दिवशी सायकल सुटी करून अंगणभर पसरली आणि मग, हे परत जोडायचं कसं, म्हणून मोबाइल उघडला.

मोबाइलवर कोणी गोरा गृहस्थ गंज काढत होता. तो कसलंसं आम्ल वापरत होता. तुमच्या बंधूंनी ठरवलं की आम्ल ते आम्ल, आपली चिंच काय वाईट. मी तेव्हा गुडीहत्नूरला बारशाला गेले होते. माझ्या पुरणाच्या पातेल्यात त्यांनी चिंच भिजवली, हँडल, चेन, घंटी असं सगळं त्यात बुडवून ठेवलं, आणि मी यायच्या आधी वस्तू काढून घेतल्या. चिंचेचं पाणी तसंच राहिलं. मी आले, ओट्यावर चिंच तयार बघितली आणि, ताई, माझं मन भरून आलं. इतक्या वर्षांत या माणसाने पहिल्यांदा माझ्यासाठी स्वयंपाकाची तयारी करून ठेवली, असं मला वाटलं. मी त्याचा चारू केला. (इथल्या पद्धतीचं चिंचेचं पातळ सार. तुम्ही विसरला नसाल.) रंग जरा काळपट आला, तो मी नव्या गुळावर ढकलला. तुमचे बंधू समोर बसून माझ्या प्रत्येक घासाकडे बघत होते आणि स्वतः दह्याशी भात खात होते. माझं ताट संपल्यावर त्यांनी खुलासा केला. आधी का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाले, "तू आवडीनं खाऊन राह्यली होती, मधे काऊन बोलावं?" चव वाईट नव्हती, हे मी नाइलाजाने नोंदवते.

मग रंग. दुकानातला रंग आणायचं सोडून सोजरबाईंकडे पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला रंग होता, तो आणला. एका डब्यात हिंगुळी लाल होता, तो सीटपर्यंत पुरला. तिथून मागे निळा. पोळा होऊन इतके दिवस झाले तरी सोजरबाईंचा हात थांबेना. त्यांनी हँडलच्या दोन्ही टोकांना बैलाचे गोंडेही बांधून दिले. सायकल दारात उभी केली तेव्हा रस्त्याने जाणारा एक गोऱ्हा थांबून तिच्याकडे बघत राहिला.

दसऱ्याला तिची पूजा काढली. इकडे नवी गाडी, ट्रॅक्टर काहीही असो, चाकाखाली लिंबू चिरडल्याशिवाय फाटकाबाहेर जात नाही. तुमचे बंधू म्हणाले, चाकं लहान, म्हणजे त्यांना दृष्टही लवकर लागणार, साधं लिंबू पुरायचं नाही. म्हणून परसातली ईडलिंबं तोडली, नारळाएवढी. एक पुढच्या चाकासमोर, एक मागच्या. मी म्हटलं, चाक लिंबावर चढायचं आहे की लिंबू चाकावर? कोणी ऐकलं नाही. कुंकू लावून, टोपी घालून ते बसले आणि सगळा जोर काढून पायडल मारलं. पुढचं चाक लिंबाला भिडून थांबलं. मागचं मात्र चढलं. सायकलीने शिंगं रोखलेल्या बैलासारखी मान खाली घातली आणि तुमचे बंधू हँडलवरून थेट सोजरबाईंच्या ओसरीवरच्या कापसाच्या ढिगात गेले. नुसत्या चपला दिसत होत्या. आतून आवाज आला, सायकलीला काही झालं नाही ना? मी सायकल तपासायला वाकले, तर सोजरबाई म्हणाल्या, "पयले मानूस काढा बाई. सायकल काई पळून नाई जाऊन राह्यली."

कापूस होता म्हणून कोपरावर निभावलं. त्या दिवसापासून ते तिच्याकडे बघत नाहीत. तर ताई, जिच्या पायी घरचा माणूस कापसातून उपसावा लागला, जिचा पुढचा अर्धा भाग लाल आणि मागचा निळा, जिला एकच ब्रेक आणि तोही मनाला येईल तेव्हा लागतो, अशी सायकल एका तरुण मुलीच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या डोक्यावर टांगणं मला जबाबदारीचं वाटत नाही. केवळ तुमच्या आणि नागपूरकरांच्या भल्यासाठी ती मी इथे ठेवून घेत आहे. थोरांना नमस्कार, चैत्रालीला आशीर्वाद, तेल लावावं.

आपली,
पद्मिनी

ता. क. वरचं सगळं घडलेलं आहे, पण कारण ते नाही. सायकल उत्तम चालते. ब्रेक मी दुरुस्त करून घेतला. गोंडे काढले नाहीत, लोक लांबूनच वाट देतात. दसऱ्यानंतर सोजरबाईंनी जवळच्या मावला गावच्या मैदानावर पहाटे मागून सीट धरली आणि मी शिकले. पडले, ते कोणाला दाखवलं नाही. ताई, लग्नापासून मी स्कूटरच्या मागे बसून पिशवी मांडीवर घेऊन फिरले. यांना वेळ असेल तेव्हा बाजार, यांना कंटाळा आला की घर. समोर कायम यांची कॉलर. आदिलाबाद पुढून कसं दिसतं, ते मला आत्ता कळतं आहे. रोज भाजीला मी एकटी जाते, आणि पटलं नाही तर भाजी न घेताच पुढे जाते. सायकल तुमची आहे, हे मला मान्य. ती मला द्या. मागणं एवढंच आहे.

ता. क. दुसरा. सायकल वेल्डिंगला दिली आहे असं हेरंबला सांगितलं, ते खोटं. ती सोजरबाईंच्या गोठ्यात कडब्याखाली आहे. तुम्ही नाही म्हणालात तर पुढच्या खेपेला काढून देईन. मात्र नाही म्हणायचं तर पत्राने म्हणा. फोनवर मीही तुम्हाला दुसरं वाक्य पुरं करू देणार नाही.

ता. क. तिसरा. चैत्रालीची भिंत रिकामी राहू नये म्हणून सोय केली आहे. पाना मीच लावला. तुमचे बंधू झोपले आहेत, उठल्यावर कळेल.

हेरंबच्या हवाली केलं ते:
ज्वारीचं पीठ, एक डबा.
तीळ, एक पुडी.
ईडलिंबाचं लोणचं, एक बरणी.
स्कूटरचं मागचं सीट, नट-बोल्टांसह.

सर्व मिळालं. — हेरंब