माझ्या पेशी फेकून द्या

५ जानेवारी
पोहोचली एकदाची रायपूरला! ब्राह्मणपाऱ्यात खोली मिळाली. घरमालकीण सुशीलाकाकू आपल्या अमरावतीच्याच, आल्या आल्या झुणका-भाकर वाढली. नोकरी नवा रायपूरच्या प्रयोगशाळेत. विंचवाच्या विषातले पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे बारके तुकडे, हृदयाच्या पेशींवर काय करतात ते पाहायचं. मेडिकल तपासणी म्हणून तिथले प्रमुख यशोधन सरांनी माझं रक्त घेतलं, वर पेढाही दिला. मले लई आनंद झाला.

१२ मे
नव्या पेशी तयार झाल्या. बशीत नुसता पातळ थर, पण टुकटुक हलते! सोनिया दीदी माझी सीनियर. तिनं समजावलं, पेशीले बारीक दारं असतात. दार उघडलं की इशारा मिळते अन् पेशी आकसते. विष ते दार लागूच देत नाही. पेशींना खाऊ घालायले रविवारीही मीच यायचं म्हणे. काहून? सरांचे हात मोडले काय?

१९ मे
आज विषाचा पहिला थेंब. पेशींची टुकटुक आधी धावत सुटली, मग अडखळली. माझ्याही छातीत एकदम धडधडलं, खुर्ची धरून बसली. डबा खाल्ला नाही म्हणून दीदी रागावली.

२६ मे
गोल बाजारात स्टीलचा डबा घेऊन राहिली होती, तिथंच कोसळली. डॉक्टर म्हणते, हृदय ठणठणीत, ऊन लागलं. अमरावतीच्या पोट्टीले ऊन शिकवून राहिला!

२९ मे
सरांनी आज कौतुकानं सांगितलं, त्या हृदयाच्या पेशी माझ्याच रक्तापासून बनवल्या. मेडिकलचं रक्त! मले विचारलं? तुमच्या बापाचं रक्त आहे काय? राजीनामा तोंडावर फेकला. म्हटलं, माझ्या पेशी फेकून द्या, एकही ठेवू नका. सर थंडच. सोमवारी ब्लीच ओतून मारून टाकतो म्हणाले. माझ्याआधी या जागेवर हरिदास होता म्हणे, त्यानंही जाताना असंच भांडून त्याच्या पेशी फेकायले लावल्या. बरं केलं त्यानं. मीही जिंकली!

१ जून, सोमवार
दीदीचा फोन, भिलाईहून. सुटीवर आहे. रडून राहिली होती. म्हणे, तू बाजारात पडली, तेव्हाच सरांनी बशीत दुसरा थेंब टाकला होता. अन् हरिदासच्या पेशींवर ब्लीच पडलं त्याच दुपारी तो चहाच्या टपरीवर बसल्या बसल्या गेला.

सर फोन उचलत नाही.

ऑटोत. तेलीबांध्याले जाम. मेल्या, हॉर्न काय वाजवतो, काढ ना गाडी!

मीच सांगितलं. माझ्याच तोंडानं— आई म्हणते ते खोटं नाही, उचलली जीभ, लावली टाळ्याले—

सर, उचला ना—

उचलला! म्हणतात, देवश्री बेटा, हे काय, बाटली हातातच आहे, तुझ्या मनासारखं आत्ताच ओत—