घड्याळ तुझ्या मनगटावर होतं

आल्बिना,

उठल्यावर मी दिसलो नाही तर घाबरू नकोस, पळायला गेलेलो नाही. आज चर्चला मिस्साला चालत जाऊ नकोस आणि मोगऱ्याला पाणीही घालू नकोस. आल्यावर मी घालीन.

तोंडावर सांगायचा धीर होत नाही म्हणून लिहितो. मला चक्कर आली तेव्हा डॉक्टरांनी पळणं बंद केलं आणि ज्युलीने ते ठोके मोजणारं घड्याळ माझ्या हाताला बांधलं. तिला पुण्यात मोबाईलवर सगळं दिसतं. मी मात्र रोज पहाटे ते काढून, तू झोपेत असताना तुझ्या मनगटावर चढवायचो आणि कळंबच्या किनाऱ्यावर पळून यायचो. तू जागी व्हायच्या आत ते परत माझ्या हातात. पोरीला वाटायचं, डॅडी गाढ झोपलेत. सत्तरीला टेकलेल्या माणसाला शोभतं का हे?

काल संध्याकाळी तिचा फोन आला. "डॅडी, दिवसभर तुमचं ठीक असतं. पहाटे झोपेतच तेवढे ठोके चुकतात, आणि रोज चुकतात."

त्या वेळी मी रेतीवर असतो, आल्बिना.

चर्चच्या पायऱ्या चढताना दम लागतो म्हणालीस, तेव्हा मी तुला हसलो होतो. चालायची सवय नाही तुला, म्हणालो होतो.

ज्युलीला अजून काही बोललेलो नाही, तुझ्यासमोरच सांगेन. दवाखान्यात नंबर लावायला गेलोय. रिक्षा घेऊनच येतो, तयार राहा.

नंबर तुझ्या नावाने लावतोय.

युजीन