छातीखालचा निखारा

१९ मार्च

प्रिय भाऊजी,

नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल असं धरून चालते. रस्ते बंद होते म्हणून तुम्हाला येता आलं नाही, मनाला लावून घेऊ नका. मी ठीक आहे. शेजारीण डबा देते, कारण चुलीवर मी काही शिजवत नाही. का, ते पुढे लिहिते.

तुमचे भाऊ धुराने गुदमरून गेले, असं वर्तमानपत्रात आलं. मीही सगळ्यांना तेच सांगते.

दंगलीच्या दुपारी जमाव आला तेव्हा हे अग्निमंदिरात लाकडं घालत होते, आगीवर श्वास पडू नये म्हणून तोंडाला पांढरं फडकं बांधून. मी अंगणातून हाका मारल्या. म्हणाले, "थांब गं, तुझ्या सवतीला जेवू घालून येतो." आमची जुनी थट्टा. तेवढ्यात आपल्याच दूधवाल्याने बाहेरून कडी घातली.

"काका, आगीची पूजा करता ना? घ्या पोटभर!"

मग पेट्रोल ओतलं. मी कडीकडे धावले तर दोघांनी केस धरून ओढलं, तोंडावर लाथ मारली. समोरचे दोन दात गेले. आत हे मंत्र म्हणत होते. मग मंत्र थांबले आणि हे ओरडू लागले.

आता पंच म्हणतात, माझ्या चुलीत जपलेल्या देवाच्या आगीत पेट्रोलची मिसळली, विझवून टाका. दुसरी आणायची कुठून? टेकडीच्या कपारीतल्या ज्या ज्वाळेवरून आपल्या पूर्वजांनी ही पेटवली, ती जमिनीतल्या गॅसवर जळायची, गॅसच्या विहिरी खणल्या तेव्हाच विझली.

यांच्या पुस्तकांत मी वाचलंय, थोर मंदिरांसाठी कुंभाराची, सोनाराची, विजेची, चितेचीसुद्धा आग घेत. ज्वाळेला न टेकवता वर सुकी ढलपी धरायची, नुसत्या धगीने पेटली की तिच्यावर दुसरी. अशी करत करत ती शुद्ध होते. हे आता तुम्हालाच येतं, आणि तुमचा शब्द पंच मोडणार नाहीत.

पण खरं कळल्याशिवाय तुम्ही शब्द देऊ नये. हे धुराने गेले नाहीत. दार फोडलं तेव्हा अग्निपात्राला कवटाळून जळालेले होते. माझ्या चुलीतला निखारा मी त्यांच्या छातीखालून चिमट्याने काढला. त्याला मांस चिकटलं होतं. याहून मोठा विटाळ नाही, कळतं मला. पण चितेची आग चालते, तर यांची का नाही?

पंच रविवारी पाणी घेऊन येतील. त्याआधी या. तोंडाला बांधायचं फडकं आणू नका. यांचं दुसरं त्या दिवशी धुऊन वाळत घातलं होतं, ते दोरीवर तसंच आहे.

लाकडं घालत बसलेली,
तुमची वहिनी